कपाशीचा ‘मर’ : एका नामकरणाचा इतिहास

यवतमाळच्या काळ्या जमिनीत देशी कपाशीचे उभे झाड सुकून जाते, त्यास शेतकरी ‘मर’ म्हणतो. हे नाव लक्षणावरून पडले. १८९२ साली अमेरिकेत अ‍ॅटकिन्सन याने रोगकारक बुरशीस ‘फ्युझेरियम वासिन्फेक्टम’ म्हटले. त्यात झाडाच्या वाहिन्यांना होणारा संसर्ग सूचित होतो. १९४० साली स्नायडर व हॅन्सन यांनी अशा अनेक बुरशा ‘फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम’ या एकाच जातीत आणून, आश्रयी वनस्पतीनुसार त्यांचे विशेष प्रकार मानले. १९६० मध्ये आर्मस्ट्राँगद्वयाने कपाशीवरील भारतीय बुरशीस ‘रेस ४’ ठरविले.

या व्यवस्थेस खरा धक्का बसला तो २०१० साली. टोमॅटोवरील प्रकाराचा संपूर्ण जनुकसंच वाचला असता, १५ गुणसूत्रांपैकी चार त्या प्रकाराचीच विशेष असल्याचे दिसले. रोगकारकतेची जनुके त्यांवर होती. इतकेच नव्हे, तर असे गुणसूत्र निरुपद्रवी बुरशीत संक्रमित होताच तीही टोमॅटोस मारक ठरली.

सारांश, आश्रयी वनस्पतीवरून दिलेले नाव बुरशीची कुळी सांगतेच असे नाही. रोगप्रतिकारक वाणाची निवड ज्या नावाच्या आधारे होते, त्या नावाची ही मर्यादा कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यास उपेक्षणीय नव्हे.