हळदीकुंकवाची यादी

लेखन हा माझा प्रांत नाही. रूळ, स्लीपर आणि मेगा ब्लॉक यांत आयुष्य गेलेला मी एक डिप्लोमाधारक रेल्वे इंजिनीअर. तरीही स्मरणिका समितीचा आग्रह मोडवला नाही. त्यात एक जुनी गोष्ट मनात सलत होती, ती या निमित्ताने सांगतो.

बडा फुहाऱ्याजवळ आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हाची गोष्ट. मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले. त्या वर्षी गणपतीत हळदीकुंकवाची आमंत्रणे लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण अक्षर चांगले. यादीच्या वर 'सौभाग्यवती' असे लिहिले आणि मागच्या वर्षीच्या यादीतली काही नावे गाळली. त्यात माझ्या आईचे नाव होते. कोणी सांगितले नव्हते; रीतच तशी होती. दरवर्षी ताटे लावणारी आई त्या संध्याकाळी आतल्या खोलीत वाटली डाळ करत बसली. ती काही बोलली नाही. मीही नाही.

पुढे वाचनात आले की ही रीत मोडण्यासाठी आपल्याच माणसांनी किती खस्ता खाल्ल्या आहेत. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांनाच जाब विचारला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. त्यातूनच पुढे हिंगण्याची संस्था आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले.

मला मात्र विशेष वाटते ते गोदूबाईंच्या बहिणीचे, पार्वतीबाई आठवले यांचे. त्याही तरुणपणीच विधवा झाल्या. मोठेपणी शिकल्या, आश्रमात काम केले आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. वर्गणीसाठी दारात उभे राहणे काय असते, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. ते काम शंभर वर्षांपूर्वी एका विधवेने केले! इंग्रजी पुरेसे येत नसताना त्या १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथे घरकाम करून राहिल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवले.

हा वारसा आपल्या शहरालाही आहे. इथल्या सुभद्राकुमारी चौहान १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. पुढे १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला खेड्यापाड्यांतून प्रचंड संख्येने बायका जमल्या. त्यानंतरच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला.

आमच्या खात्यातले उदाहरण साताऱ्याच्या सुरेखा यादव यांचे. त्यांचाही डिप्लोमाच, इलेक्ट्रिकलचा. १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या, पुढे मालगाडी, लोकल, डेक्कन क्वीन आणि २०२३ मध्ये वंदे भारतही चालवली. ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्या निवृत्त झाल्या.

आणि ज्या बातमीने मला ती यादी आठवली, ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडची. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितले.

पुढचे काय? लोकसभा-विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली. आपल्या मध्य प्रदेशात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांना आहेत; पण 'सरपंचपती' हा शब्दही आपल्याच कानावरचा आहे. कायदा म्हणजे सिग्नल. तो हिरवा झाला म्हणून गाडी आपोआप हलत नाही, कोणीतरी ती चालवावी लागते. हेरवाडने ती चालवली. तेही आपल्यासारखेच साधे लोक.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. यंदापासून हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर 'सौभाग्यवती' ऐवजी 'सर्व भगिनी' असे छापावे, आणि पहिले कुंकू मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजींना लावावे, मग त्या कोणीही असोत. माझी आई आता नाही. पण यादी लिहायला माणूस हवा असेल, तर माझे अक्षर अजून चांगले आहे.

गणपती बाप्पा मोरया!