पोस्टरवरून गेलेला ‘माकडीचा माळ’ : अण्णाभाऊ, मराठी सिनेमा आणि नावाचे राजकारण

पुण्याच्या सिनेमाचा इतिहास सांगताना बोट कायम शहराच्या एकाच बाजूला जाते. १९३३ साली कोल्हापूरहून आलेली प्रभात, तिच्याच जागेवर १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि लॉ कॉलेज रस्त्यावरचे १९६४ सालचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. या नकाशात गुलटेकडीचे मार्केट यार्ड नसते. सिनेमा तिकडे बनला, तिकडे जपला गेला. इकडच्या माणसाने फक्त तिकीट काढले.

आम्ही मार्केट यार्ड परिसरातल्या आंबेडकर नगरात अभ्यासवर्ग घेतो. समोर बसणारी पोरे भुसार बाजारातल्या हमालांची, कांदा-बटाटा निवडणाऱ्या बायांची, कचरा वेचणाऱ्या घरांची. यांतल्या कित्येकांचे आजी-आजोबा दुष्काळात गाव सोडून इथे आले. या पोरांना सिनेमा तोंडपाठ असतो. पण अण्णाभाऊ साठे यांच्या किती कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, असे विचारले की ‘फकिरा’च्या पुढे उत्तर सरकत नाही. दोष पोरांचा नाही. त्यांना उत्तर सापडू नये, अशीच व्यवस्था होऊन बसली आहे. ती कशी झाली, हे या लेखात मांडायचे आहे.

उत्तर आहे सात. ‘वैजयंता’ कादंबरीवर त्याच नावाचा चित्रपट १९६१ साली आला, ‘फकिरा’वर १९६३ साली. ‘आवडी’चा ‘टिळा लावते मी रक्ताचा’ झाला, ‘माकडीचा माळ’ची ‘डोंगरची मैना’ झाली, ‘चिखलातील कमळ’ची ‘मुरळी मल्हारीरायाची’ झाली. हे तिन्ही १९६९ चे. १९७० साली ‘वारणेचा वाघ’ त्याच नावाने आला आणि १९७४ साली ‘अलगूज’चा ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ झाला. तीन नावे टिकली, चार बदलली.

ज्याने कादंबरी वाचली आहे त्याने पोस्टर पाहिले तरी ही आपलीच गोष्ट आहे, हे त्याला कळू नये. ज्याने चित्रपट पाहिला त्याने ग्रंथालयात जाऊन ‘डोंगरची मैना’ मागितली, तर ग्रंथपालाने नाही म्हणावे. पुस्तक आणि पडदा यांच्यामधला पूल चार वेळा काढून घेतला गेला. बाजारात शेतकऱ्याच्या पोत्यावर व्यापाऱ्याचा शिक्का बसला की पुढच्या गिऱ्हाइकाला शेतकरी दिसत नाही. इथेही तेच झाले.

आता ही नावे एकेक करून उघडून पाहू.

‘माकडीचा माळ’ हे एका जागेचे नाव आहे. गावकुसाच्या बाहेरचा माळ आणि त्यावर पालं ठोकून राहणारे भटके लोक. ज्यांना इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवण्याचा कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतरही गावाने ज्यांच्याकडे संशयानेच पाहिले, अशा माणसांच्या वस्तीला अण्णाभाऊंनी कादंबरीच्या मुखपृष्ठावर आणले. ‘डोंगरची मैना’ म्हटल्यावर वस्ती गेली आणि एक देखणी बाई उरली. समूहाची गोष्ट नायिकेच्या रूपावर आली.

‘चिखलातील कमळ’ या नावात चिखल आहे. देवाच्या नावाने पोरगी सोडायची आणि पुढे तिला माणसांनी वापरायची, या प्रथेला लेखकाने सरळ चिखल म्हटले. १९३६ साली मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज, वाघ्या यांच्यासमोर बोलताना बाबासाहेबांनी हे जिणे सोडा असेच बजावले होते. अण्णाभाऊंची कादंबरी त्याच बाजूला उभी आहे. ‘मुरळी मल्हारीरायाची’ या नावात मात्र चिखल उरत नाही. त्यात षष्ठी विभक्ती आहे. मुरळी कोणाची? तर मल्हारीरायाची. जी मालकी मोडायची होती, तीच मालकी पाटीवर भक्तिभावाने लिहिली गेली.

‘आवडी’ हे एका बाईचे नाव. वरच्या समजल्या जाणाऱ्या घरातली ही बाई रामोशी तरुणावर जीव लावते, त्याच्यासोबत राहण्याचा निर्णय स्वतः घेते आणि तिचा सख्खा भाऊ कुळाच्या अब्रूसाठी हत्यार उचलतो. २०१६ साली ‘सैराट’चा शेवट पाहून अख्खा महाराष्ट्र थिएटरात सुन्न बसला, तेव्हा किती जणांना आठवले की हा प्रश्न अण्णाभाऊंनी काही दशकांपूर्वी लिहून ठेवला होता? आठवणार कसे? ‘टिळा लावते मी रक्ताचा’ या नावात रक्त आहे, पण ते कोणी सांडले आणि कशासाठी सांडले हे नाव सांगत नाही. ज्या बाईने निवड केली तिचे नाव मात्र पुसले गेले. ‘अलगूज’बद्दल फार बोलायला नको. एका हळव्या प्रेमकथेवर गावरान गमतीची पाटी लागली, एवढे पुरे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की सिनेमा हा धंदा आहे आणि नाव तिकीटबारीसाठी असते. हे खरे आहे. १९५९ सालचा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यातल्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एकच चित्रपट एकाच पडद्यावर! त्यानंतर ढोलकी, घुंगरू आणि गावरान नाव हे मराठी निर्मात्यांचे हमखास भांडवल झाले. ‘सांगत्ये ऐका’त गाजलेल्या जयश्री गडकर दोन वर्षांनी ‘वैजयंता’च्या नायिका झाल्या, त्यामागे हीच लाट होती. निर्मात्यांनी एकत्र बसून अण्णाभाऊंविरुद्ध कट केला, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो ते त्याहून गंभीर आहे. कट न करताही हे घडले. कारण वस्तीचे नाव विकले जात नाही आणि बाईचे रूप विकले जाते, हा बाजाराचा हिशेब जातीच्या समाजातच तयार झाला होता.

दुसरा आक्षेप असा की नावे सगळ्यांचीच बदलतात. हेही खरे आहे आणि याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यातलेच आहे. ना. ह. आपटे यांची कादंबरी ‘न पटणारी गोष्ट’. प्रभातसाठी व्ही. शांताराम यांनी १९३७ साली त्यावर चित्रपट केला आणि नाव ठेवले ‘कुंकू’. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा हा नवरा मानत नाही, हा त्या कथेचा गाभा. ‘न पटणारी गोष्ट’ हे सौम्य नाव. ‘कुंकू’ म्हटल्याबरोबर बोट थेट वादाच्या मुळावर, बाईच्या कपाळावर गेले. म्हणजे नाव बदलल्याने धार वाढूही शकते. आमची तक्रार नाव बदलण्याबद्दल नाही. एका सवर्ण घरातल्या बंडाची कथा पडद्यावर येताना नाव जास्त टोकदार झाले आणि गावकुसाबाहेरच्या बंडाच्या कथा पडद्यावर येताना नावे बोथट झाली. हा फरक का पडतो, एवढाच आमचा सवाल आहे.

पाटी म्हणजे संपूर्ण चित्रपट नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. पण पाटीला कमी लेखू नका. फकिराच्या गोष्टीत फकिराचे नाव टिकले म्हणून आज दर १ ऑगस्टला प्रत्येक वस्तीत फकिरा जिवंत असतो. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा, मांगांवर लादलेल्या हजेरीविरुद्ध उभा राहणारा हा नायक अण्णाभाऊंनी १९५९ साली लिहिला आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. नाव टिकले की माणूस टिकतो. खुद्द अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत ते अक्षरे शिकले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ज्या पोस्टरांनी त्यांना अक्षरओळख दिली, त्याच पोस्टरांवरून पुढे त्यांच्या पुस्तकांची नावे गेली.

१९६९ हे साल आमच्या पोरांनी पाठ करावे. या एका वर्षात अण्णाभाऊंच्या तीन कादंबऱ्यांवरचे तीन चित्रपट आले आणि याच वर्षी १८ जुलैला अण्णाभाऊ गोरेगावात हलाखीत गेले. वय ४८. ज्याच्या कथांवर चित्रपटांचा धंदा चालला होता, त्याच्या घरी त्या धंद्यातले काय आले, हा प्रश्न विचारल्याशिवाय मराठी सिनेमाचा ‘सुवर्णकाळ’ हा शब्द आम्ही तरी वापरणार नाही.

याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली आणि तिचा संबंध थेट मार्केट यार्डाशी आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा केला. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात हमाल पंचायत आणि डॉ. बाबा आढाव यांनी चालवलेल्या लढ्यांची ही वर्षे. या कायद्याच्या नावातच हमाल आहे. ज्या माणसाला बाजारात ‘ए’ म्हणून हाक मारली जायची, त्याच्या कामाचे नाव कायद्याच्या पहिल्या ओळीत आले आणि त्या नावासोबत मंडळ, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आला. नावाने पोट भरत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. कायद्याने जे नाव घेतले, ते त्याच वर्षी सिनेमाने टाकून दिले.

हे फक्त अण्णाभाऊंपुरते थांबले असते तर जुनी गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि भास्कर चंदावरकर यांनी १९८२ साली त्यावर चित्रपट केला. त्याचे नाव ‘अत्याचार’. हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण दोन शब्दांतला फरक पाहा. बलुतं ही व्यवस्था आहे. तिच्यात काम ठरलेले, वाटा ठरलेला, पायरी ठरलेली. या वतनी गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. अत्याचार ही घटना आहे. घटना घडते, वाईट वाटते, संपते. व्यवस्थेला घटना म्हटले की प्रेक्षकाला हळहळून घरी जाता येते. त्याला स्वतःच्या गावातला वाडा आठवत नाही.

याउलट उदाहरणेही आहेत. सत्यजित राय यांनी १९८१ साली प्रेमचंदांची ‘सद्गती’ दूरदर्शनसाठी केली, तेव्हा नाव ठेवले, जात ठेवली, ब्राह्मणाच्या दारातला तो न फुटणारा ओंडकाही ठेवला. मेलेल्या दुखीला हात न लावता फरफटत नेणारा माणूस आपण पाहतो आणि नजर चुकवता येत नाही. आणि २०१३ साली नागराज मंजुळे यांनी तर उलटेच केले. कैकाडी बोलीतला डुकरासाठीचा शब्द उचलून पोस्टरवर लावला, ‘फँड्री’. प्रेक्षकाने अर्थ विचारला आणि तिथूनच संवाद सुरू झाला. म्हणजे वस्तीचा शब्द विकला जात नाही, हा बाजाराचा सिद्धांत वस्तीतून आलेल्या एका दिग्दर्शकानेच खोटा ठरवला.

म्हणून पुस्तकावरचा कोणताही चित्रपट पाहताना आम्ही पोरांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. पुस्तकातले कोणते नाव पडद्यावर आले नाही? समूहाची गोष्ट एकट्या नायकाची किंवा नायिकेची झाली का? व्यवस्थेची घटना झाली का? या प्रश्नांना नटांच्या कौतुकाने उत्तर देता येत नाही. पुस्तक उघडावेच लागते.

शेवटी एक तारीख. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. अण्णाभाऊंच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरचा हा हक्क २०२९ अखेर संपतो. १ जानेवारी २०३० पासून ‘माकडीचा माळ’, ‘आवडी’, ‘चिखलातील कमळ’ यांवर कोणीही चित्रपट, मालिका, वेबसीरिज काढू शकेल, कोणाची परवानगी लागणार नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे ते तयारीला लागतील. पुन्हा एखादी मैना डोंगरावर नाचेल आणि माळ पुन्हा गायब होईल.

आपल्याकडे पैसा नाही, पण वेळ आहे आणि मोबाइलचा कॅमेरा आहे. वस्तीत या कादंबऱ्यांचे सामूहिक वाचन आजपासून सुरू करा. एकेका प्रकरणाची पटकथा लिहून पाहा. बोली आपली, वस्ती आपली, चेहरे आपले. येत्या १ ऑगस्टच्या फलकावर अण्णाभाऊंच्या फोटोखाली त्या सात चित्रपटांची नावे लिहा आणि प्रत्येकासमोर मूळ कादंबरीचे नाव लिहा. डीजेचा एक दिवसाचा खर्च वाचवला तरी सातही पुस्तकांचे चार-चार संच येतील.

२०३० साली ‘माकडीचा माळ’ त्याच नावाने पडद्यावर लागला पाहिजे आणि तो आपल्या पोरांनी केलेला असला पाहिजे.

जयभीम!