१३ जून १२३१ : पादुआचे संत अँथनी यांचे निधन

इटलीतील पादुआ शहराच्या वेशीबाहेर, आर्चेला येथे फ्रान्सिस्कन प्रवचनकार अँथनी यांनी या दिवशी देह ठेवला. वर्ष उलटायच्या आत, ३० मे १२३२ रोजी, पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संतपद दिले. हरवलेली वस्तू मिळावी म्हणून भाविक आजही त्यांना साकडे घालतात. त्यांचे खरे मोठेपण मात्र दुसरीकडे आहे. मृत्यूच्या तीनच महिने आधी, मार्चमध्ये, त्यांच्या विनंतीवरून पादुआने कायदा केला : किडूकमिडूक सगळे सावकाराच्या हवाली केलेल्या कर्जदाराला तुरुंगात डांबायचे नाही. विनंती करणारे म्हणून अँथनींचे नाव त्या कायद्यातच नोंदलेले आहे. प्रवचनाने डोळे पाणावतात, कायदे सहसा बदलत नाहीत, इथे बदलला. कर्जवसुलीचा तगादा जिवावर बेततो तिथे तो कायदा आजही वाचण्याजोगा आहे.