फाउंडेशन लायब्ररीचे रूपांतर : संदर्भाकडून मूल्याकडे

प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेसोबत एक मूलभूत लायब्ररी असते आणि तारीख, मजकूर, याद्या, फायलींचे पत्ते यांसारख्या नित्याच्या गोष्टी प्रत्येकाला नव्याने लिहाव्या लागू नयेत म्हणून त्या तिच्यात तयार ठेवलेल्या असतात. ॲपलच्या प्रणालींवर हे काम फाउंडेशन ही लायब्ररी करत आली आहे. तिचा उगम स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीत झाला, १९९४ मध्ये नेक्स्ट व सन मायक्रोसिस्टिम्स यांनी मिळून मांडलेल्या ओपनस्टेप या आराखड्यात तिला स्थान मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचे जाहीर केल्यानंतर ती आधी मॅकवर व पुढे आयफोनवर आली. तिच्या घटकांच्या नावांमागील ‘एनएस’ ही अक्षरे त्याच काळाची खूण आहेत.

फाउंडेशन ज्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेसाठी रचली गेली, ती ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी १९८०च्या दशकात सी भाषेवर उभारली होती. या भाषेतील ऑब्जेक्ट हे संदर्भ-प्रकार होत, म्हणजे व्हेरिएबलमध्ये प्रत्यक्ष वस्तू नसून ती मेमरीत कोठे आहे एवढाच पत्ता असतो. त्यामुळे एकच ऑब्जेक्ट दोन ठिकाणांहून वापरात असेल आणि एका ठिकाणी त्यात बदल झाला, तर तो दुसऱ्या ठिकाणीही नकळत लागू होतो. मूल्य-प्रकारात मात्र प्रत्येक व्हेरिएबलचे मूल्य स्वतंत्र असते आणि एकातील बदल दुसऱ्याला स्पर्श करत नाही. सी भाषेकडून आलेला स्ट्रक्ट हा असा मूल्य-प्रकार उपलब्ध होता व फाउंडेशनमधील एनएसरेंज त्याच घडणीचा होता. परंतु स्ट्रक्टमध्ये मेथड लिहिता येत नसत आणि एनएसॲरेसारख्या यादीत ठेवण्यापूर्वी त्याला एखाद्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळावे लागे, म्हणून लायब्ररीकारांनी बहुतेक सर्व गोष्टी क्लासच्या रूपातच घडवल्या. नकळत होणाऱ्या बदलांवर उपाय म्हणून एनएसडेटा व एनएसम्यूटेबलडेटा अशा अपरिवर्तनीय आणि परिवर्तनीय जोड्या करण्यात आल्या, तसेच बाहेरून आलेला मजकूर साठवताना त्याची प्रत करून घ्यावी असा संकेत रूढ झाला. हा संकेत पाळणे सर्वस्वी प्रोग्रॅमरच्या दक्षतेवर अवलंबून होते.

जून २०१४ मध्ये ॲपलने स्विफ्ट ही भाषा जाहीर केली, तेव्हा तिच्यात स्ट्रक्टला मेथड मिळाल्या आणि स्ट्रिंग, ॲरे व डिक्शनरी हे आरंभापासूनच मूल्य-प्रकार ठरले. फाउंडेशन मात्र जुन्या क्लासांसह तशीच आली, त्यामुळे भाषा एक सांगते आणि लायब्ररी दुसरेच करते अशी विसंगती निर्माण झाली. स्विफ्टमध्ये ‘लेट’ या शब्दाने घोषित केलेले मूल्य बदलता येत नाही. पण ‘लेट’ने धरलेल्या एनएसम्यूटेबलडेटामध्ये खुशाल नवे बाइट जोडता येत, कारण स्थिर राहत असे तो केवळ पत्ता.

ही विसंगती दूर करणारा एसई-००६९ हा प्रस्ताव ॲपलचे टोनी पार्कर यांनी २०१६ मध्ये मांडला आणि त्यानुसार सप्टेंबर २०१६ च्या स्विफ्ट ३ मध्ये डेट, डेटा, यूआरएल, कॅलेंडर, डेटकंपोनंट्स, यूयूआयडी इत्यादी स्ट्रक्ट दाखल झाले. यांतील डेट सर्वांत साधा आहे : १ जानेवारी २००१ या आधारक्षणापासूनचे सेकंद सांगणारी एकच दशांश संख्या त्यात असते, आणि एवढ्यासाठी स्वतंत्र ऑब्जेक्टची गरज मुळातच नव्हती. डेटकंपोनंट्ससारख्या प्रकारांच्या पोटात मात्र जुना ऑब्जेक्टच ठेवण्यात आला व त्यावर ‘बदलताना प्रत’ हे तंत्र योजण्यात आले. या तंत्रात मूल्य दुसऱ्या व्हेरिएबलला दिल्यावर दोघे तोच साठा वापरतात आणि कोणी बदल करू लागताच, साठा सामायिक असल्यास, आधी त्याची प्रत होते. त्यामुळे अनावश्यक प्रती टळल्या आणि मूल्याचे स्वातंत्र्यही राखले गेले.

सरसकट सर्वच प्रकार बदलण्यात आले नाहीत, ही या कार्यामागील विवेकाची साक्ष आहे. फाइलमॅनेजर किंवा यूआरएलसेशन यांच्याबाबतीत ‘तोच ऑब्जेक्ट’ ही ओळख महत्त्वाची असल्याने ते क्लासच राहिले, आणि जुन्या ऑब्जेक्टिव्ह-सी कोडशी व्यवहार चालावा म्हणून एनएसडेट व एनएसडेटा हेही कायम ठेवण्यात आले. स्विफ्ट ३ मुळे आधी लिहिलेला पुष्कळ कोड दुरुस्त करावा लागला, हे मोल खरेच. तथापि जी सुरक्षितता पूर्वी प्रोग्रॅमरच्या स्मरणावर टिकून होती ती आता कंपायलरकडून मिळू लागली, हा लाभ त्याहून मोठा ठरला. फाउंडेशन स्विफ्टमध्येच नव्याने लिहिण्याचा जो प्रकल्प डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला आणि २०२४ मध्ये स्विफ्ट ६ सोबत लिनक्स व विंडोजवर पोहोचला, त्यातही डेट, डेटा आणि कॅलेंडर हे मूल्य-प्रकारच आहेत.