पँगाँगचा चार महिन्यांचा हंगाम

पँगाँग त्सो म्हटलं की आपल्याकडे लोकांना ‘थ्री इडियट्स’ आठवतो आणि फौजेतल्यांना १९६२. या तळ्याकाठच्या गावांच्या पोटापाण्याचा इतिहास त्याहून जुना आहे.

१८४१ मध्ये जोरावरसिंगांची तिबेट मोहीम त्यांच्या मृत्यूने संपली. पुढच्या वर्षी झालेल्या तहाला चुशूलचा तह म्हणतात. त्यात जुनी सीमा कायम राहिली आणि लोकर व चहाचा व्यापार पूर्वीसारखा चालू ठेवायचं ठरलं. लढाई संपल्यावर दोन्ही बाजूंनी व्यापाराची वाट जपली, कारण चांगथांगच्या पश्मिन्यावर काश्मीरचे शालींचे माग चालत होते.

१९६२ ने ती वाट बंद केली. १८ नोव्हेंबरला मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊंचे जवान रेझांग ला इथे लढले, तो परिसर तळ्याच्या दक्षिणेलाच आहे. त्यानंतर स्पांगमिक, मान, मेराक या गावांना उरलं काय? बकऱ्या, थोडं जव आणि फौजेसाठी ओझी वाहण्याचं काम.

लडाख १९७४ मध्ये पर्यटकांना खुलं झालं, पँगाँग त्यानंतर वीस वर्षांनी. २००९ च्या सिनेमानंतर गर्दी उसळली. मे २०२० मध्ये तळ्याकाठी चकमक झाली आणि पर्यटन थांबलं. जानेवारी २०२१ मध्ये परवानगी पुन्हा मिळाली, फेब्रुवारीत दोन्हीकडचं सैन्य काठावरून मागे गेलं. व्यापार असो वा पर्यटन, इथली कमाई नेहमी सीमेच्या मूडवर चालत आली आहे.

लडाखमध्ये नोकरी करताना तिथलं गणित जवळून समजलं. हंगाम चार-पाच महिन्यांचा, कर्जाचा हप्ता बारा महिन्यांचा. सिलिंडरपासून गादीपर्यंत सगळं साडेसतरा हजार फुटांवरचा चांग ला ओलांडून आणायचं. तळं खारं, त्यामुळे प्यायचं पाणी ओढ्याझऱ्यांचं, आणि थंडीत नळ गोठतात. पश्मिना विंचरण्याचे दिवस आणि पर्यटकांचा हंगाम एकमेकांवर येतात. घरातला तरुण टॅक्सीवर गेला की कळपामागे म्हातारी माणसं राहतात.

मग उपाय काय? नुसते तंबू वाढवले तर पाणी आणि सांडपाणी, दोन्ही प्रश्न वाढतील. हंगाम लांबवणं जास्त शहाणपणाचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोठलेल्या तळ्यावर २१ किलोमीटरची शर्यत झाली, ती याच दिशेची. होमस्टेचा पैसा त्याच घरात राहतो. बुखारी आणि लडाखी कोरडा संडास तिथे आधीपासूनच असतो, फ्लशला पाणी लागत नाही. जानेवारी २०२५ पासून ‘भारत रणभूमी दर्शन’मुळे रणक्षेत्रं पाहायला लोक येऊ लागले आहेत. त्यांनी चुशूलला एक रात्र मुक्काम केला तरी फरक पडेल.

डिसेंबर २०२४ मध्ये पँगाँगकाठी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. मराठी माणसाला अभिमान वाटला. स्थानिकांमधून मात्र आम्हाला का विचारलं नाही, असा सवालही आला. मला तो सवाल योग्य वाटतो. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये असं बजावणाऱ्या राजाचा तो पुतळा आहे.

सीमेवरचं गाव रिकामं झालं तर कळपामागे फिरणारे डोळे जातात, आणि त्यांची जागा कुठलाही कॅमेरा पुरती भरून काढत नाही. म्हणून मित्रहो, पँगाँगला जाल तेव्हा फोटो काढून त्याच दिवशी लेहला परतू नका. गावातल्या घरात राहा, तिथलंच जेवा आणि घासाघीस जरा कमी करा.