सीटबेल्ट ते स्वयंचलित ब्रेक : सुरक्षित मोटारीचा प्रवास

१/१०
जालना जिल्ह्यातील वडीगोद्री हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर वसले आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २११ आता क्रमांक ५२ म्हणून ओळखला जातो. रस्ता चौपदरी झाला, वाहनांचा वेग वाढला. या वाढत्या वेगात माणूस सुखरूप राहावा यासाठी मोटारीत कोणते बदल घडले, त्याचा हा इतिहास.

२/१०
याच रस्त्यावरील सोलापुरात १८८२ साली वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि प्रीमियर पद्मिनी रस्त्यावर आल्या. त्या काळी नाव नोंदवून मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मोटार मिळणेच दुर्लभ असलेल्या बाजारात सुरक्षेचा आग्रह कोण धरणार?

३/१०
युरोपात मात्र याच सुमारास मूलभूत काम चालू होते. व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन यांनी तीन बिंदूंवर बांधलेला सीटबेल्ट सिद्ध केला आणि १९५९ मध्ये तो मोटारींत बसू लागला. धडकेचा जोर छाती व कंबरेच्या मजबूत हाडांवर विभागला जातो, हे त्याचे मर्म. व्होल्वोने हे पेटंट इतर कंपन्यांनाही खुले केले.

४/१०
दुसरा टप्पा एबीएसचा. ब्रेक करकचून दाबल्यास चाके जखडतात, मोटार घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. एबीएस चाकांचा वेग मोजून ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा कमी-अधिक करते. बॉश आणि मर्सिडीज यांनी १९७८ मध्ये ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली बाजारात आणली.

५/१०
एअरबॅगची कल्पना त्याहून जुनी. जॉन हेट्रिक या अमेरिकी तंत्रज्ञाला तिचे पेटंट १९५३ मध्येच मिळाले होते. परंतु धडक अचूक ओळखणारे संवेदक तयार होण्यास बराच काळ गेला. पापणी लवण्याच्या आत फुगणारी ही पिशवी सीटबेल्टला पूरक आहे, त्याला पर्याय नव्हे.

६/१०
भारतात ही साधने दीर्घकाळ महागड्या मोटारींपुरती, किंवा एखाद्या मोटारीच्या ‘टॉप मॉडेल’पुरती राहिली. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने पाच लोकप्रिय भारतीय मोटारींच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. प्रौढांच्या सुरक्षेत पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. त्यांत पुण्याजवळच्या चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन पोलोही होती.

७/१०
पोलोचा सांगाडा धडकेत टिकला होता. उणीव एअरबॅगची होती. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते, कारखानाही तोच होता. स्वस्त मॉडेल घेणाऱ्याच्या जिवासाठी खर्च करायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. या निकालानंतर कंपनीने भारतातील सर्व पोलोंमध्ये दोन एअरबॅग देण्यास सुरुवात केली.

८/१०
पुढे कायद्याने हा प्रश्न ग्राहकाच्या ऐपतीवर सोडला नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत एबीएस, तर जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा गजर, वेगमर्यादेचा इशारा आणि मागे घेताना उपयोगी पडणारे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. तत्पूर्वी डिसेंबर २०१८ मध्ये रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले होते. भारतीय मोटारीला हा मान प्रथमच लाभला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची मूल्यांकन पद्धत लागू झाली.

९/१०
आता कॅमेरा आणि रडारच्या साहाय्याने समोरचा अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या मोटारी आल्या आहेत. चाकणची महिंद्रा एक्सयूव्ही७०० (२०२१) हे त्याचे ठळक उदाहरण. मार्गिका सांभाळणारी यंत्रणा मात्र रस्त्यावरील रंगवलेल्या पट्ट्यांवर विसंबून असते. गोदाकाठच्या गावरस्त्यांवर ते पट्टे अनेकदा नसतात. गळीत हंगामात मागचे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या मात्र हमखास असतात. तिथे चालकाची नजर अजूनही अनिवार्य आहे.

१०/१०
४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मोटार अत्याधुनिक होती. परंतु मागील आसनावर बसलेल्या मिस्त्रींनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. बोलिन यांच्या शोधाला तेव्हा ६३ वर्षे झाली होती. शोध अभियंत्याने लावला, सक्ती सरकारने केली. मागच्या आसनावरचा पट्टा ओढून अडकवण्याचे काम अजूनही प्रवाशाकडेच आहे.