मुदत संपलेली डोमेन नावे : निवड, नियम आणि जाहिरातींचे उत्पन्न

२००३ च्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टला आपल्या ‘हॉटमेल डॉट को डॉट यूके’ या नावाचे नूतनीकरण करण्याचा विसर पडला. नाव मोकळे झाले आणि एका त्रयस्थ व्यक्तीने ते रीतसर शुल्क भरून स्वतःकडे नोंदवले. पुढे ते मूळ मालकाकडे परत गेले. पण एवढ्या बलाढ्य कंपनीकडून असे घडू शकते, तर मिटलेली दुकाने, विसर्जित संस्था आणि कंटाळून सोडून दिलेल्या संकेतस्थळांची किती नावे अशी सुटत असतील याची कल्पना करता येते. सुटलेली नावे वेचून त्यांवर जाहिराती लावायच्या आणि घरबसल्या उत्पन्न मिळवायचे, हा जोडधंदा ब्रिटनमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. माहिती तंत्रज्ञानात नोकरी करणाऱ्या अनेक भारतीयांना तो आकर्षक वाटतो, कारण भांडवल थोडे लागते आणि तांत्रिक ज्ञान हाताशी असते. मात्र या धंद्याचे अर्थकारण आता पूर्वीचे राहिलेले नाही.

‘डॉट यूके’ने संपणाऱ्या नावांची नोंदवही १९९६ पासून ऑक्सफर्डमधील नॉमिनेट ही ना-नफा संस्था सांभाळते. अशा नावाची मुदत संपली म्हणजे ते लगेच हातचे जात नाही. पहिले तीस दिवस सर्व काही बहुधा पूर्ववत चालते. त्यानंतर नाव निलंबित होते, म्हणजे संकेतस्थळ दिसेनासे होते व ईमेल थांबते. सुमारे नव्वद दिवसांनंतर नोंदणी रद्द होऊन नाव पुन्हा सर्वांसाठी खुले होते. ‘डॉट कॉम’ची वाट निराळी आहे. तेथे नोंदणी करून देणारी कंपनी पंचेचाळीस दिवसांपर्यंत नाव राखू शकते, त्यानंतर मूळ मालकाला जादा शुल्क भरून ते सोडवण्यासाठी तीस दिवस मिळतात आणि शेवटी पाच दिवसांनी नाव पुसले जाते. प्रत्यक्षात ‘डॉट कॉम’ची चांगली नावे त्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत, नोंदणी कंपन्या ती आधीच लिलावात काढतात.

‘डॉट यूके’मध्ये नाव सुटते त्या क्षणी ज्याची विनंती प्रथम पोचेल, त्याला ते मिळते. त्यामुळे ही शर्यत माणसांची नसून संगणकांची आहे. नाव सुटताक्षणी पकडून देणाऱ्या व्यावसायिक सेवा असतात आणि मोक्याचे नाव हाताने टंकून मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते. या व्यवस्थेऐवजी लिलाव आणावा का, असा प्रश्न नॉमिनेटने २०२० मध्ये चर्चेला ठेवला, तेव्हा तो सभासदांच्या असंतोषाच्या कारणांपैकी एक ठरला. मार्च २०२१ च्या विशेष सभेत सभासदांनी अध्यक्षांसह काही संचालकांना मतदानाने दूर केले. सुटणाऱ्या नावांची यादी आता नॉमिनेटच प्रसिद्ध करते. नाव शोधणे त्यामुळे सोपे झाले. कठीण आहे ती निवड.

आरंभीच्या काळी निवड फारशी करावी लागत नसे. नुसते नाव घ्यायचे, त्यावर जाहिरातींच्या दुव्यांचे एक कोरे पान ठेवायचे आणि कोणी चुकून किंवा अंदाजाने तो पत्ता टंकून आला की क्लिकमागे काही पेनी मिळवायचे. याला ‘पार्किंग’ म्हणतात. गुगलने २००८ मध्ये ही सोय लहान मालकांनाही दिली आणि २०१२ मध्ये ती काढूनही घेतली. मार्च २०२५ पासून गुगलच्या विद्यमान जाहिरातदारांनाही अशा पार्क केलेल्या पानांतून आपोआप वगळण्यास सुरुवात झाली. ज्याला तेथे जाहिरात हवी होती, त्याला ती तेव्हा मुद्दाम निवडावी लागली. पत्ता टंकण्याऐवजी शोधपेटीत शब्द लिहिण्याची सवय जगभर रुजल्यामुळे चुकून येणारे पाहुणेही घटले आहेत.

हिशोब साधा आहे. समजा, एखाद्याने दोनशे नावे घेतली आणि प्रत्येकी वर्षाला आठ पौंड खर्च आला, तर वर्षाचे सोळाशे पौंड झाले. केवळ तेवढे भरून निघण्यासाठी प्रत्येक नावाने दरमहा सदुसष्ट पेनी मिळवून द्यायला हवेत. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु दोनशेपैकी बहुतेक नावांवर महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही. त्यांचा भार उरलेल्या पाच-दहा नावांना वाहावा लागतो.

म्हणून अनुभवी खरेदीदार शब्दाची किंमत करत नाही, नावामागे उरलेल्या विश्वासाची करतो. पूर्वीच्या मालकाने वर्षानुवर्षे लेखन केलेले असते. विद्यापीठे, वृत्तपत्रे, नगरपालिका यांनी त्याच्या पानांना दुवे दिलेले असतात. संकेतस्थळ मिटले तरी ते दुवे तसेच राहतात आणि शोधयंत्रे त्यांची दखल घेत राहतात. हीच पुण्याई विकत घेऊन तिच्यावर भलताच मजकूर उभा करण्याचा प्रकार इतका बोकाळला, की ५ मार्च २०२४ रोजी गुगलने आपल्या धोरणात ‘मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर’ असा स्वतंत्र दोष नोंदवला. त्यात दिलेली उदाहरणे बोलकी आहेत : पूर्वी प्राथमिक शाळेचे असलेल्या नावावर जुगाराचा मजकूर, वैद्यकीय धर्मादाय संस्थेच्या नावावर औषधी मालाची विक्री. अशी पाने शोधनिकालांत खाली ढकलली जातात किंवा पूर्णपणे वगळली जातात आणि जाहिरातींचे उत्पन्न त्याबरोबरच आटते. जुने नाव घेणे हा दोष नाही. जुन्या वाचकाला उपयोगाचे काही न देता केवळ त्याच्या विश्वासावर जगणे हा दोष आहे. यॉर्कशरमधील पायवाटांची माहिती देणारे बंद पडलेले संकेतस्थळ घेऊन त्यावर पायवाटांचीच ताजी माहिती देणाऱ्याला आजही वाट मोकळी आहे. पण मग हा धंदा ‘घरबसल्या’ न राहता संपादकाचे काम होतो, आणि बहुतेकांचा उत्साह इथेच मावळतो.

नाव घेण्यापूर्वी त्याचा पूर्वेतिहास पाहावा. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी पाने वर्षवार दिसतात. दहा वर्षे इंग्रजी बागकामाचे पान आणि शेवटची दोन वर्षे परभाषेतील बनावट घड्याळांची जाहिरात असे दिसले, तर ते नाव आधीच कोणीतरी पिळून टाकलेले आहे असे समजावे. दुवे किती आहेत यापेक्षा ते कोणाचे आहेत हे महत्त्वाचे. आणखी एक खास ब्रिटिश बारकावा आहे. १० जून २०१४ पासून ‘को डॉट यूके’खेरीज थेट ‘डॉट यूके’वरही नावे मिळू लागली आणि जुन्या मालकांसाठी राखलेला हक्क २५ जून २०१९ रोजी संपला. परिणामी एकच शब्द दोन शेपट्यांसह दोन वेगळ्या मालकांकडे असू शकतो. जुळे नाव चालत्या व्यवसायाकडे असेल, तर दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

कारण कायदा येथे सजग आहे. मार्क्स अँड स्पेन्सर, सेन्सबरी, व्हर्जिन, ब्रिटिश टेलिकॉम अशा नामांकित कंपन्यांची नावे नोंदवून ठेवणाऱ्या विक्रेत्यांविरुद्ध १९९८ मध्ये अपील न्यायालयाने ‘वन इन अ मिलियन’ खटल्यात निर्णय दिला आणि अशा नोंदणीला फसवणुकीचे साधन ठरवले. त्यापेक्षा सौम्य मार्ग म्हणजे नॉमिनेटची तंटानिवारण सेवा. तिच्या धोरणाची भूमिका समतोल आहे. नफ्यासाठी नावांचा व्यापार करणे किंवा पुष्कळ नावे बाळगणे कायदेशीर मानले आहे, आणि पार्किंगद्वारे क्लिकचे पैसे मिळवणेही स्वतःहून आक्षेपार्ह नाही. परंतु नाव कोणते आणि त्यावर दुवे कसले, हे तज्ज्ञ पाहतो. जाहिराती यंत्राने आपोआप निवडल्या ही सबब चालत नाही. जबाबदारी अखेर नोंदणीधारकाचीच.

व्यापारचिन्हांची तपासणी बौद्धिक संपदा कार्यालयाच्या आणि कंपन्यांची कंपनीज हाउसच्या नोंदवहीत विनामूल्य करता येते. येथे एक गैरसमज नेहमी आढळतो : कंपनी विसर्जित झाली म्हणजे तिचे नाव बेवारस झाले. तसे नाही. २००६ च्या कंपनी कायद्याच्या कलम १०१२ नुसार विसर्जित कंपनीची उरलेली मालमत्ता व हक्क राजसत्तेकडे जातात. व्यापारचिन्ह त्यातच आले. शिवाय व्यापारचिन्हाची नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण होऊ शकते.

सर्वांत नाजूक बाब ईमेलची. जुने नाव घेतले की पूर्वीच्या मालकाला येणारी पत्रे नव्या मालकाकडे वळू शकतात. एखादी वकिली कचेरी, दवाखाना किंवा हिशेबनीस यांचे नाव असेल, तर त्या पत्रांत इतरांची गुपिते असतात. सावध खरेदीदार अशी नावे घेत नाहीत, आणि घेतलेल्या कोणत्याही नावावर सरसकट टपाल स्वीकारण्याची सोय सुरू करत नाहीत. उलट बाजूने पाहता, ब्रिटनमधील मराठी संस्थांची परंपरा १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळापासूनची आहे. त्यानंतर गावोगावी उभ्या राहिलेल्या लहान मंडळांचे डोमेन अनेकदा एखाद्या उत्साही स्वयंसेवकाच्या वैयक्तिक खात्यात असते. तो गाव बदलतो, कार्ड कालबाह्य होते, स्मरणपत्रे जुन्या पत्त्यावर जातात. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी सभासदांनी जपून ठेवलेला दुवा मग कोणाच्याही हाती पडू शकतो. नाव मंडळाच्या नावे नोंदवणे आणि दोन पदाधिकाऱ्यांचे पत्ते देणे एवढ्यानेही हे टळते.

ज्यांना एवढे सारे पाहूनही उतरायचे आहे, त्यांनी आधी आपल्या व्हिसाच्या अटी वाचाव्यात; प्रायोजित नोकरीच्या व्हिसावर त्या नोकरीबाहेरचे काम मर्यादित असते. ब्रिटनमधील वाचकांना जाहिराती दाखवायच्या तर कुकींसाठी संमती घ्यावी लागते, आणि जानेवारी २०२४ पासून गुगल त्यासाठी प्रमाणित संमती-व्यवस्थेचा आग्रह धरते. करवर्षात व्यापारातून आलेली एकूण रक्कम, खर्च वजा करण्यापूर्वी, एक हजार पौंडांपर्यंत असेल तर सामान्यतः ती करमुक्त भत्त्यात बसते. त्यापुढे गेल्यास ५ एप्रिलला संपणाऱ्या करवर्षानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत महसूल खात्याकडे स्वयं-निर्धारणासाठी नोंदणी करावी लागते, मग पैसे डॉलरमध्ये आलेले असोत वा पौंडांत.